रंगमंचावरचं दार

पडदा वर जातो. समोर दिवाणखाना. सोफा, टीपॉय, भिंतीवर कॅलेंडर, उजवीकडे स्वयंपाकघराकडे जाणारं दार, मागे घराचं मुख्य दार. बेल वाजते, कुणीतरी कडी काढतं, पात्र आत येतं. या घराला तीनच भिंती आहेत आणि जेवणाच्या टेबलाची आपल्याकडची बाजू नेहमी रिकामी असते. तरी आपल्याला काही खटकत नाही. पुढच्या आठवड्यात आपण एखादं प्रायोगिक नाटक बघायला जातो. मंच रिकामा. नट हवेतच कडी काढतो, तोंडाने 'कर्रर्र' असा आवाज करतो आणि एक पाऊल पुढे टाकतो. दार उघडलं, हे आपल्याला तितक्याच सहजपणे पटतं.

हवेतलं दार पटत असेल, तर पहिल्या नाटकाने लाकडी दारावर एवढा खर्च कशाला केला? आणि लाकडी दार हाताशी असताना दुसऱ्याने ते का सोडलं?

याचं उत्तर युरोपच्या रंगभूमीवर १८३० ते १९५३ या काळात घडलेल्या उलथापालथीत आहे. स्वच्छंदतावाद, वास्तववाद, निसर्गवाद, प्रतीकवाद अशी नावं अभ्यासक्रमात ओळीने पाठ करावी लागतात आणि परीक्षेनंतर ती विसरली जातात. त्यापेक्षा नेपथ्यातली एकच वस्तू धरून हा प्रवास पाहिला, तर कुठे काय बदललं आणि का, हे डोळ्यांसमोर उभं राहतं. आपण दार धरू.

चोरदारावरची थाप

२५ फेब्रुवारी १८३०, पॅरिस. कोमेदी फ्रांसेज हे फ्रान्सचं मानाचं नाट्यगृह. १६८० साली राजाज्ञेने स्थापन झालेलं. त्या संध्याकाळी तिथे व्हिक्टर ह्यूगोच्या 'हर्नानी'चा पहिला प्रयोग होता. पडदा उघडतो तेव्हा स्पेनमधली रात्र आहे, एका तरुणीचं शयनगृह आहे आणि चोरदारावर थाप पडते. म्हातारी दासी तिच्या मालकिणीच्या प्रियकराची वाट पाहते आहे. ती दार उघडते आणि आत येतो तो भलताच माणूस, खुद्द राजा. थोड्या वेळाने हा राजा लपण्यासाठी कपाटात शिरतो.

आज यात आपल्याला काहीच वावगं वाटणार नाही. त्या रात्री मात्र पहिल्या दोन ओळींतच प्रेक्षागृहात गोंधळ सुरू झाला. तो का झाला हे समजायला तोवरचे नियम माहीत हवेत.

फ्रेंच शोकांतिकेवर दीडशेहून अधिक वर्षं तीन ऐक्यांची सत्ता होती. कथा एका दिवसात संपली पाहिजे, एकाच ठिकाणी घडली पाहिजे आणि कथानक एकच असलं पाहिजे. शोकांतिकेत हसू नको, मंचावर मारामारी नको, राजाच्या तोंडी बाजारातला शब्द नको. भाषा पद्याची. ओळ बारा अक्षरांची, सहाव्या अक्षरानंतर यती आणि ओळ संपते तिथे अर्थालाही टेकण. ह्यूगोने पहिल्याच ओळीच्या शेवटी 'जिना' हा शब्द ठेवला आणि तो जिना चोरवाटेचा आहे हे सांगणारं विशेषण पुढच्या ओळीत ढकललं. वाक्य ओळीच्या काठावरून खाली ओघळलं. पुढे हा राजा साध्या माणसासारखं 'किती वाजले?' असं विचारतो, त्यावरही जाणकार चिडले. चार महिन्यांपूर्वीच याच नाट्यगृहात 'ऑथेल्लो'च्या फ्रेंच रूपांतरात 'रुमाल' हा शब्द उच्चारला गेला, तेव्हाही कुजबुज झाली होती. रुमालासारखी घरगुती वस्तू शोकांतिकेत शोभत नाही अशी समजूत होती. आधीच्या एका रूपांतरकाराने म्हणूनच डेस्डेमोनाचा रुमाल काढून टाकला होता आणि तिथे डोक्यावरची जडावाची पट्टी आणली होती.

ह्यूगोने तीन वर्षं आधी, १८२७ मध्ये, 'क्रॉमवेल' या नाटकाच्या प्रस्तावनेत आपली बाजू मांडली होती. आयुष्यात भव्य आणि विद्रूप शेजारी शेजारी नांदतात, मग नाटकात त्यांना वेगळ्या खोल्या कशाला? त्याच वर्षी इंग्लिश नटमंडळी पॅरिसला येऊन शेक्सपिअरचे प्रयोग करून गेली होती. कबर खोदणारे विनोद करतात आणि त्याच कबरीपाशी राजपुत्र मृत्यूवर चिंतन करतो, हे पॅरिसच्या तरुणांनी प्रत्यक्ष पाहिलं होतं. जर्मनीत शिलर आणि गटे यांनी हे बांध त्याच्याही आधी फोडले होते.

त्या काळी नाट्यगृहात पैसे देऊन टाळ्या वाजवणारी टोळी बसवण्याचा रिवाज होता. ह्यूगोने ती नाकारली आणि तिच्या जागी कवी, चित्रकार, संगीतकार असे तरुण आणले. ही मंडळी दुपारीच आत शिरली. त्यांनी तिथेच खाल्लं-प्यायलं आणि भडक लाल जाकीट घातलेला अठरा वर्षांचा तेओफील गोतिए त्यांच्यात उठून दिसत होता. पुढचे कित्येक प्रयोग आरडाओरड्यातच झाले. मंचावरही भांडण होतंच. नायिकेचं काम करणाऱ्या मादमुआझेल मार्स तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या. प्रियकराला 'माझा सिंह' म्हणायला त्या तयार होईनात. त्यांनी तिथे साधं 'महाराज' असं म्हटलं.

जुलै महिन्यात पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि राजा दहावा चार्ल्स पदच्युत झाला. कवितेच्या ओळीवरचं भांडण आणि रस्त्यावरचं बंड यांत थेट कार्यकारण शोधू नये, पण दोन्हीकडे एकाच पिढीची माणसं होती. स्वच्छंदतावादी नाटकाने माणसाच्या भावनेला नियमापेक्षा मोठं मानलं. डाकू, बहिष्कृत, कुबडा विदूषक हे नायक झाले आणि कथा हवी तिथे, हवा तेवढा काळ हिंडू लागली.

प्रेक्षागृहात अंधार कसा आला

१८४३ मध्ये ह्यूगोचं 'ले ब्यूर्ग्राव्ह' पडलं. बंडखोर नायक, वाडे, विषाचे पेले आणि सूर्योदयापूर्वीचे मृत्यू हे सगळं तोवर ठरीव झालं होतं. तिकीट काढणारा प्रेक्षकही बदलला होता. तो आता व्यापारी, वकील, कारखानदार होता. त्याला ओळखीचे दिवाणखाने हवे होते आणि ते युजीन स्क्रीबने भरपूर पुरवले. सहलेखक हाताशी धरून त्याने तीनशेहून अधिक नाटकं लिहिली. त्याच्या नाटकाला 'सुघटित नाटक' म्हणतात. पहिल्या अंकात एक गुपित पेरायचं, पत्र चुकीच्या हाती पडू द्यायचं, ऐन वेळी दारातून नको तो माणूस आणायचा आणि शेवटी सगळ्या गाठी सोडवायच्या. यंत्रणा पक्की होती, पण आत पाहायला गेलं तर माणसं फार उथळ होती.

नाटकाच्या पुस्तकांत ज्याची पुरेशी दखल घेतली जात नाही असं एक कारण इथे सांगायला हवं: दिवे. मेणबत्त्या आणि तेलाच्या दिव्यांच्या काळात मंच आणि प्रेक्षागृह दोन्हीकडे सारखाच उजेड असे. आपला चेहरा दिसावा म्हणून नटाला अगदी पुढच्या दिव्यांपाशी येऊन, लोकांकडे तोंड करून बोलावं लागे. मागे रंगवलेला पडदा, दोन्ही बाजूंना विंगा. पात्र दारातून न येता विंगेतून येई. १८१७ च्या सुमारास लंडनच्या मोठ्या नाट्यगृहांत गॅसचे दिवे आले. ते एका तोटीने कमी-जास्त करता येत. मग नट मागे सरकू शकला, खोलीच्या आत जाऊ शकला. तीन भिंती आणि छत असलेला 'बॉक्स सेट' हळूहळू रुळला आणि भिंत आली म्हणताना तिला दारही आलं. १८७६ मध्ये संगीतकार वाग्नरने बायरॉइटच्या आपल्या नाट्यगृहात खेळ चालू असताना प्रेक्षागृह अंधारं केलं. १८८१ मध्ये लंडनचं सॅव्हॉय थिएटर पूर्णपणे विजेवर उजळलं.

अंधारात बसलेला प्रेक्षक शेजारच्याला बघत नाही. तो समोरच्या उजळलेल्या खोलीत डोकावतो. वास्तववादी नाटकाला असाच प्रेक्षक हवा होता.

नोरा बाहेर पडते

हेन्रिक इब्सेनने तरुणपणी नॉर्वेतल्या बर्गनच्या नाट्यगृहात नोकरी केली आणि तिथे स्क्रीबची नाटकं बसवली. ती यंत्रणा त्याच्या बोटांवर होती. 'डॉल्स हाऊस'मध्ये तिचे सगळे भाग सापडतात: जुनं गुपित, खोटी सही, धमकी देणारा माणूस, कुलूपबंद पत्रपेटीत पडलेलं पत्र आणि पेटीची किल्ली फक्त नवऱ्याकडे. तिसऱ्या अंकात पत्र वाचलं जातं, वादळ होतं, मग संकट टळतं आणि नवरा म्हणतो की झालं गेलं विसरू. सुघटित नाटक इथे संपलं असतं.

इब्सेन इथून पुढे खरा सुरू होतो. नोरा आत जाऊन नाचाचा पोशाख उतरवते, रोजचे कपडे घालून येते आणि नवऱ्याला टेबलापाशी समोर बसायला सांगते. लग्नाला आठ वर्षं झाली, या काळात आपण दोघं गंभीरपणे एकदाही बोललो नाही, हे ती शांतपणे त्याच्या लक्षात आणून देते. बर्नार्ड शॉने बरोबर ओळखलं होतं की नाटकातली नवी गोष्ट ही चर्चा आहे. गाठ सुटण्याच्या जागी दोन माणसं बसून बोलू लागली आणि त्या बोलण्यात एक संसार मोडला. नोरा जाते. नवरा एकटा उरतो आणि खालून, रस्त्याकडचं दार बंद झाल्याचा आवाज येतो.

हे दार आपल्याला दिसत नाही. दिसणाऱ्या खोलीबाहेर जिना आहे, त्याखाली दार आहे, त्यापलीकडे हिवाळ्यातलं गाव आहे आणि तिथे नवऱ्याच्या सहीशिवाय कर्जसुद्धा न मिळणारी एक बाई आता एकटी चालते आहे. एका आवाजाने इब्सेनने हे सगळं उभं केलं. वास्तववादाचं बळ हेच आहे. मंचावरची वस्तू इतकी विश्वासार्ह करायची, की तिच्यामागे न दाखवलेलं सबंध जग आहे याची प्रेक्षकाला खात्री पटावी. लाकडी दारावरचा खर्च त्यासाठी असतो.

२१ डिसेंबर १८७९ रोजी कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला. जर्मनीत हेडविग नीमान-राबे या नामवंत अभिनेत्रीने मुलांना टाकून जाणारी आई रंगवायला नकार दिला. जर्मनीत इब्सेनला कायद्याचं संरक्षण नव्हतं. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी म्हणून त्याने पर्यायी शेवट लिहून दिला. त्यात नवरा नोराला मुलांच्या खोलीच्या दारापाशी ओढत नेतो आणि ती तिथेच कोसळते. इब्सेनला या शेवटाचा मनापासून संताप होता. दोन्ही शेवट दारापाशीच होतात आणि नाटक कोणत्या बाजूचं आहे ते नोरा दाराच्या कुठल्या बाजूला राहते यावर ठरतं.

हा वारा मराठीतही आला. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणलं. श्री. वि. वर्तक यांनी इब्सेनचाच समकालीन नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन याच्या नाटकावरून ते लिहिलं होतं. बंदिस्त खोलीचं नेपथ्य, स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया, स्वगताला फाटा, पदं मोजकीच. संगीत नाटकाच्या वन्स मोअरला सरावलेल्या प्रेक्षकासाठी ही केवढी मोठी पालट होती! अनंत काणेकरांनी 'डॉल्स हाऊस'चं 'घरकुल' केलं आणि मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू'वरची नोराची सावली तर सगळ्यांनाच परिचयाची आहे.

हलणारी दारं, खरं मांस

इब्सेनच्या पुढे एक पाऊल निसर्गवाद. डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये आला होता. माणूस त्याच्या रक्ताने आणि परिस्थितीने घडतो, हा विचार एमिल झोलाने साहित्यात आणला आणि नाटककाराने शास्त्रज्ञासारखं निरीक्षण करावं असं बजावलं. परिस्थिती माणसाला घडवत असेल, तर खोली हे नाटकातलं एक पात्रच झालं.

आंद्रे आंत्वान हा पॅरिसच्या गॅस कंपनीतला कारकून. त्याने १८८७ मध्ये मोंमार्त्र भागातल्या एका लहानशा हॉलमध्ये 'तेआत्र लिब्र' म्हणजे मुक्त रंगभूमी सुरू केली. नेपथ्याला पैसे नव्हते. त्याने आईच्या घरातलं फर्निचर हातगाडीवर घातलं आणि ती गाडी स्वतः ओढत आणली. नाटक वर्गणीदारांपुरतं ठेवल्यामुळे सेन्सॉरची कात्री लागत नव्हती. तालमीची त्याची रीत मला फार महत्त्वाची वाटते. चार भिंतींची खरी खोली डोळ्यांसमोर ठेवून हालचाली बसवायच्या आणि कुठली भिंत काढायची ते नंतर ठरवायचं. म्हणजे पात्रं आपल्यासाठी वळत नाहीत. आपण फक्त भिंतीच्या जागी बसतो. हीच ती 'चौथी भिंत'. आंत्वान खुशाल प्रेक्षकांकडे पाठ करून बोले. १८८८ मध्ये खाटकाच्या दुकानावरच्या एका नाटकात त्याने मंचावर खऱ्या मांसाची धडं टांगली.

त्याच वर्षी स्वीडनच्या ऑगस्ट स्ट्रिंडबर्गने 'मिस ज्यूली'ला लांबलचक प्रस्तावना जोडली. तिच्यात दारांबद्दल तक्रार आहे. कापडावर रंगवलेली दारं नुसत्या स्पर्शाने डुगडुगतात. घरातला बाप संतापून बाहेर जाताना दार आपटतो आणि सारं घर हादरतं, हे अशा दारांनी दाखवायचं कसं? भिंतीवर रंगवलेली भांडीकुंडीही त्याला नको होती.

झोलापासून स्ट्रिंडबर्गपर्यंत सगळ्यांना एकच हवं होतं: मंचावर काहीही 'दाखवण्यापुरतं' नसावं. पण खरं मांस टांगल्यावर लोक मांसाकडेच बघत राहतात, पात्रांकडे नाही. ही अडचण निसर्गवादाला शेवटपर्यंत सुटली नाही.

> चौकट: कोण काय म्हणत होतं
>
> स्वच्छंदतावाद – भावना नियमाहून मोठी. भव्य आणि विद्रूप एकत्र नांदू द्या. (ह्यूगो, शिलर)
>
> वास्तववाद – आजची माणसं, आजचे प्रश्न, रोजची भाषा. (इब्सेन)
>
> निसर्गवाद – माणूस रक्ताने आणि परिस्थितीने घडतो. ती परिस्थिती जशीच्या तशी मंचावर आणा. (झोला, आंत्वान, 'मिस ज्यूली'चा स्ट्रिंडबर्ग)
>
> प्रतीकवाद – महत्त्वाचं ते डोळ्यांना दिसत नाही. ते सूचित करा. (मेटरलिंक)
>
> अभिव्यक्तिवाद – जग जसं आहे तसं दाखवू नका, भेदरलेल्या मनाला ते जसं दिसतं तसं दाखवा. (कायझर, टोलर)
>
> एपिक रंगभूमी – प्रेक्षकाने वाहून जाऊ नये, विचार करावा. (ब्रेश्ट)
>
> अ‍ॅब्सर्ड – जगण्याला मुळातच संगती नसेल, तर नाटकाच्या रचनेला तरी ती कशाला? (आयनेस्को, बेकेट)

चेखवची कुलपं

मॉस्को आर्ट थिएटरची कल्पना १८९७ च्या जूनमध्ये एका रेस्टॉरंटमध्ये ठरली. स्तानिस्लाव्स्की आणि नेमिरोविच-दानचेन्को दुपारी जेवायला भेटले आणि बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चाललं. पुढच्या वर्षी त्यांनी चेखवचं 'सीगल' केलं. हेच नाटक १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला सपशेल पडलं होतं. मॉस्कोत ते इतकं गाजलं, की उडणारा समुद्रपक्षी हे त्या संस्थेचं बोधचिन्ह झालं.

फरक पडला तो नटांच्या समजुतीमुळे. चेखवची माणसं मनातलं बोलत नाहीत. मुलगी पाहायला आलेली मंडळी पोह्यांची बशी हातात घेऊन पावसापाण्याच्या गप्पा मारतात आणि खोलीतल्या प्रत्येकाचं चित्त भलत्याच प्रश्नावर असतं, तसंच हे आहे. संवादाखाली वाहणाऱ्या त्या दुसऱ्या संवादासाठी नटाला नवं तंत्र लागलं आणि स्तानिस्लाव्स्कीने ते घडवण्यात आयुष्य घालवलं.

१९०४ च्या जानेवारीत रंगमंचावर आलेल्या 'चेरी ऑर्चर्ड'मधला एक प्रवेश पाहा. घर लिलावात गेलं आहे, सामान बांधून झालं आहे. व्यापारी लोपाखिन या घरातल्या वार्याला मागणी घालणार हे सर्वांना ठाऊक आहे. दोघांना मुद्दाम एकटं सोडलं जातं. वार्या बोचक्यांत काहीतरी शोधू लागते. तू आता कुठे जाणार, असं तो विचारतो. ती सांगते. मग तो हवेबद्दल बोलतो: गेल्या वर्षी या सुमाराला बर्फ पडलं होतं, आज ऊन आहे, पण थंडी आहे, शून्याखाली तीन अंश. ती म्हणते की आपला तापमापक फुटलाय. बाहेरून कुणीतरी हाक मारतं आणि तो लगबगीने निघून जातो. ती जमिनीवर बसून रडते. लग्नाचा विषय कुणी काढलेलाच नाही.

शेवटी सगळे जातात. एकेक दार बाहेरून कुलूपबंद होत असल्याचे आवाज येतात. मंच रिकामा होतो. मग म्हातारा, आजारी नोकर फिर्स आत येतो. त्याला सगळे विसरलेत. तो दाराची मूठ हलवून पाहतो. नोराचं दार एका माणसाने ठरवून ओढून घेतलं होतं. इथे दार कुणाच्याही मनात नसताना एका माणसावर बंद झालं आहे. दुरून तार तुटल्याचा आवाज येतो. हा आवाज कशाचा, याचं वास्तववादी उत्तर नाटकात मिळत नाही. वास्तववादाच्या सर्वांत नाजूक नाटककाराच्या हातातच तो वास्तववाद सुटू लागला होता.

हात म्हणजेच दार

हे वाद एकामागून एक शिस्तीत आले, हा समज सोडून द्यायला हवा. आंत्वान मांस टांगत होता त्याच पॅरिसमध्ये, तीनच वर्षांनी, बेल्जियन कवी मेटरलिंकच्या 'इंट्रूडर'चा प्रयोग झाला. एक कुटुंब रात्री दिव्याभोवती बसलं आहे. शेजारच्या खोलीत बाळंतीण आजारी आहे. बागेकडचं दार काही केल्या नीट मिटत नाही. कुणीतरी आत आलं, असं आंधळ्या आजोबांना जाणवतं. बाकीच्यांना काहीच दिसत नाही. शेवटी आतल्या खोलीचं दार उघडतं आणि काळ्या वेषातली परिचारिका क्रूसाची खूण करते. मृत्यू मंचावर आला, बसला आणि गेला, तेही एकाही नटाशिवाय. खरं फर्निचर जे दाखवू शकत नव्हतं, ते न मिटणाऱ्या दाराने दाखवलं.

१० डिसेंबर १८९६ रोजी आल्फ्रेड जारीच्या 'उबू रुआ'ने उरलीसुरली भिंतही पाडली. एका शिवीत एक अक्षर घुसवून केलेला पहिलाच शब्द ऐकून प्रेक्षागृह उसळलं. मागच्या पडद्यावर पलंग, झाडं, सांगाडा असं सगळं एकत्र रंगवलेलं होतं. तुरुंगाच्या प्रवेशात एक नट हात लांब करून उभा राहिला. तो म्हणजे दार. उबूची भूमिका करणाऱ्या फिरमँ जेमिएने त्याच्या मुठीत किल्ली घातल्यासारखं केलं, तोंडाने कडीचा आवाज काढला आणि तो हात दारासारखा फिरवला. यावर पुन्हा गोंधळ माजला. आज आपल्या एकांकिका स्पर्धांत असं दार रोज उघडतं आणि कुणी चकित होत नाही.

स्ट्रिंडबर्गने तर स्वतःलाच उत्तर दिलं. दारं पक्की हवीत म्हणणाऱ्या याच माणसाने १९०१ मध्ये 'ड्रीम प्ले' लिहिलं. त्यात एक बंद दार आहे. त्याला तीन पाकळ्यांच्या पानाच्या आकाराचं भोक आहे आणि पलीकडे जगाचं रहस्य आहे असा बोलबाला आहे. धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान, वैद्यक आणि कायदा या चार विद्यांचे प्रमुख त्यावरून भांडतात. दार उघडतं. मागे काहीच नाही. नाटकात काळ-वेळ विरघळलेली आहे आणि स्वप्नात होतं तसं एक ठिकाण दुसऱ्यात बदलतं. जर्मन अभिव्यक्तिवाद्यांनी पहिल्या महायुद्धाच्या आसपास हेच सूत्र तीव्र केलं. पात्रांना नावंच उरली नाहीत, फक्त 'कॅशियर', 'बाई', 'मुलगा' एवढंच. तिरक्या भिंती आल्या, संवादांच्या किंकाळ्या झाल्या. त्यातली थोडीच नाटकं आज वाचवतात, पण प्रकाशयोजनेने त्यांच्याकडून खूप घेतलं.

ब्रेश्टची गाडी

बेर्टोल्ट ब्रेश्टचा राग अंधारात बसलेल्या प्रेक्षकावर होता. समोरच्या माणसाचं दुःख पाहून तो रडतो, हलका होतो आणि घरी जातो. ज्या व्यवस्थेने ते दुःख दिलं तिच्याकडे त्याचं लक्षच जात नाही. म्हणून ब्रेश्टने दिवे उघडे ठेवले, अर्धाच पडदा लावला, पुढे काय घडणार ते आधीच फलकावर लिहिलं आणि मध्येच गाणी घातली. नटाने कसं बोलावं, हे त्याने रस्त्यावरच्या अपघाताचं उदाहरण देऊन सांगितलं. अपघात पाहणारा माणूस जमलेल्यांना सांगतो, की ड्रायव्हर असा आला, म्हातारा असा चालत होता. तो दोघांची नक्कल करतो, पण आपणच तो ड्रायव्हर आहोत असं भासवत नाही. ऐकणाऱ्याला चूक कुणाची ते ठरवता येतं, कारण सांगणारा आणि पात्र यांत अंतर आहे.

'मदर करेज' हे त्याचं याबाबतीत मला सर्वांत थोर वाटणारं नाटक. तिच्या घराला दार नाही. चाकांवरची मालाची गाडी हेच तिचं घर. तीस वर्षांच्या युद्धात ती सैन्यामागून व्यापार करत फिरते आणि तिची तिन्ही मुलं युद्धात जातात. एका मुलाला सोडवायला लाच द्यायची असते. ती रकमेवरून घासाघीस करत बसते. तेवढ्यात बंदुकांचा आवाज येतो. १९४९ मध्ये बर्लिनला ही भूमिका करणाऱ्या हेलेने वायगलने त्या क्षणी तोंड वासलं, मान मागे टाकली आणि आवाज काढलाच नाही. शेवटी मुलीच्या अंत्यविधीसाठी ती शेतकऱ्यांना पैसे मोजून देते आणि त्यातलं एक नाणं परत पिशवीत टाकते. त्या एका नाण्यात ब्रेश्टची सगळी भूमिका आहे. तिच्याबद्दल कळवळा येतोच, आणि त्याच क्षणी ही बाई अजूनही काही शिकलेली नाही हेही दिसतं. १९४१ च्या झुरिकच्या प्रयोगानंतर ती केवळ दुःखी माता म्हणून गौरवली गेली, तेव्हा ब्रेश्टने तिचा व्यापारी स्वभाव अधिक उघड होईल असे बदल केले होते.

मराठी प्रेक्षकाला ब्रेश्ट जड गेला नाही. सूत्रधार प्रेक्षकांशी बोलतो, सोंगाड्या मध्येच आजच्या राजकारणावर टोमणा मारतो, एक फेरी मारली की गाव बदलतं, हे तमाशात आणि दशावतारात आधीपासून होतं. पु. ल. देशपांडे यांनी 'थ्री पेनी ऑपेरा'वरून 'तीन पैशाचा तमाशा' केलं आणि १९७८ मध्ये थिएटर अकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणलं. खुद्द ब्रेश्टलाही १९३५ मध्ये मॉस्कोत मेइ लानफांग या चिनी नटाचा अभिनय पाहून आपल्या कल्पनांना पुष्टी मिळाली होती.

उघडं दार, आणि मग दारच नाही

मे १९४४. पॅरिस अजून नाझींच्या ताब्यात. सार्त्रच्या 'नो एक्झिट'मध्ये तीन मृत माणसं एका खोलीत कायमची कोंडलेली आहेत. एक जण बाहेर जाण्यासाठी दारावर जिवाच्या आकांताने धक्के देतो आणि दार अचानक उघडतं. कुणीच बाहेर जात नाही. इब्सेनने दारापलीकडे स्वातंत्र्य ठेवलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन काळात ते घेण्याची हिंमत उघड्या दारासमोरही गोठते.

५ जानेवारी १९५३ रोजी पॅरिसच्याच तेआत्र द बाबिलोन या छोट्या नाट्यगृहात सॅम्युएल बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' आलं. एक रस्ता, एक झाड. घर नाही, भिंत नाही, आत आणि बाहेर हा भेदच नाही. दोन माणसं गोदोची वाट पाहतात. तो दोन्ही अंकांत येत नाही. दोन्ही अंकांच्या शेवटी निघायचं ठरतं आणि कुणी जागचं हलत नाही. स्क्रीबची गुंतागुंत, इब्सेनची चर्चा, चेखवचा अबोला, यांपैकी काहीच बेकेटला पुरेसं वाटलं नाही. ज्या पिढीने छळछावण्या आणि अणुबॉम्ब पाहिले, तिला कारण आणि परिणाम यांची नीट साखळी असलेली कथाच खोटी वाटू लागली होती.

जाणते प्रेक्षकही गोदो पाहून चक्रावले. १९ नोव्हेंबर १९५७ रोजी अमेरिकेतल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे १४०० कैद्यांसमोर त्याचा प्रयोग झाला, तेव्हा मात्र कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. नाटकात बाईचं पात्र नाही म्हणून हे नाटक तिथे निवडलं गेलं होतं. रिक क्लूची हा जन्मठेपेचा कैदी त्या संध्याकाळी कोठडीतच होता. त्याला बाहेर यायची परवानगी नव्हती. त्याने ते नाटक तुरुंगाच्या ध्वनिक्षेपकावरून ऐकलं. पुढे कैद्यांनी मिळून आपला नाट्यगट काढला आणि त्यांनी बेकेटची नाटकं बसवायला घेतली. क्लूची सुटला, युरोपात आला आणि १९७७ मध्ये बर्लिनला 'क्रॅप्स लास्ट टेप'मध्ये त्याने काम केलं. दिग्दर्शक खुद्द बेकेट होता.